सूर्यकांत साहेबांची बोट

दौलत तांडेलने बोटीच्या नाळेवरचं, म्हणजे पुढच्या टोकावरचं, फायबर कापलं आणि आतून असा भपकारा आला की त्याने तोंड फिरवलं. आखातात, फुजैराला राहणाऱ्या सूर्यकांत साहेबांनी गळाने मासे धरायची ही जुनी चपटी बोट हौसेने आणून व्हिलाच्या अंगणात उभी केली होती. आतलं प्लायवुड कुजून त्याचा काळा चिखल झाला होता. दौलतने मूठभर काढून साहेबांच्या नाकासमोर धरला.

"साहेब, हे सगळं काढून नवीन लाकूड घालायला पाहिजे."

"शनिवारी ऑफिसची मंडळी येतायत, दौलत. वरून पुट्टी मार, पॉलिश कर, खलास!"

हर्णैला होड्या बांधणारा दौलतचा बाप कुजकी फळी झाकणाऱ्या सुताराच्या हातचं पाणी पीत नसे. पण दौलतचा व्हिसा साहेबांच्या कंपनीचा. स्वतःची किळस येत असतानाच त्याने पुट्टी मारली. बोट आरशासारखी चमकली.

शनिवारी पाहुण्यांसमोर साहेबांना एकाएकी कोकण आठवलं. नवी होडी म्हणजे नाळेवर नारळ फुटलाच पाहिजे! त्यांनी नाळेला हळदकुंकू लावलं आणि नारळ उगारला. दौलतला थांबवता आलं असतं. त्याने हात पाठीमागे बांधले.

नारळ फुटलाच नाही. नाळ फोडून अख्खा आत गेला, आणि तोच भपकारा बाहेर आला. पाहुण्यांनी नाकं दाबली.

"यल्ला, चल दौलत, पुट्टी आण!" साहेब खेकसले.

दौलतने भोकात हात घातला, चिखलाने लडबडलेला नारळ काढला आणि साहेबांच्या ओंजळीत ठेवला.

"घ्या साहेब. प्रसाद."