चाकांना खोबरेल

श्रीवर्धनच्या उतारावर सायकली दुरुस्त करणारा तो माणूस प्रत्येक ब्रेकची परीक्षा स्वतःच घ्यायचा. चिखल असो की वाळू, पाय वर करून तो खाली सुटायचा.

खाऱ्या हवेनं गंजू नयेत म्हणून मी त्याच्याकडे दुरुस्तीला दिलेल्या सायकलच्या चाकांच्या कडांना माझं कापूर घातलेलं खोबरेल चोळलं होतं, आणि त्याला सांगितलं नव्हतं. ब्रेक घसरले. तो थेट वाळत घातलेल्या सुपारीत जाऊन पडला आणि हसतच उठला.

“मास्तर, तेल कुनी लावलं?”

“कोण जाणे!” मी म्हणालो.

त्यानं कडा राखेनं घासल्या, मला पुढच्या दांडीवर बसवलं आणि सायकल सोडली. अर्ध्या उतारावर मला राहवेना.

“मीच लावलं!” मी ओरडलो.

त्यानं ब्रेक दाबला. सुपारी वीतभर लांब राहिली.

“म्हाईत हाय,” तो खिदळला, “चाकांना तुमच्या डोक्याचा वास येत व्हता!”