अंदमानला जायचं, पण नागपूरवरून नाही

अंदमानला जायचं ठरवलं मी, पण तयारीला लागल्या माझ्या सासूबाई. माझी नोकरी केंद्र सरकारची. चार वर्षांतून एकदा सरकार आम्हाला लांबच्या प्रवासाचं भाडं देतं, त्या सवलतीला ऑफिसात सगळे एलटीसी म्हणतात. मागच्या खेपेला नवऱ्याला रजा मिळाली नाही म्हणून ती वाया गेली होती. यंदा मी जानेवारीतच सांगून टाकलं की दिवाळीच्या सुट्टीत अंदमान, आणि कोणाचीही कुरकुर ऐकून घेणार नाही.

कुरकुर कोणी केलीच नाही. आमची मुलगी आठवीत आहे. तिनं शाळेसाठी वर्षावनावर प्रोजेक्ट केलं होतं, ते ती आजीला रोज संध्याकाळी थोडं थोडं सांगायची. तिचं मराठी म्हणजे निम्मं हिंदी. "आजी, तिथले पेड इतके उंच असतात ना, की खाली धूपच येत नाही. और जमीन हमेशा ओली." आई शेंगा सोलता सोलता ऐकायच्या आणि नेमकं विचारायच्या. जळवा असतात का? तुळस होते का त्या मातीत? पुढे त्यांनी जळवांसाठी जुन्या धोतराच्या चार पुरचुंड्या शिवल्या, त्यांत मीठ भरलं आणि प्रत्येकाच्या नावानं वेगळ्या रंगाचा दोरा बांधला. जबलपूरच्या दीक्षितपुऱ्यातल्या आमच्या गल्लीत त्यांनी ज्याला त्याला सांगून ठेवलं होतं, आम्ही जंगलाच्या बेटावर चाललो. पहाटे उठून गच्चीवर फेऱ्या घालणंही सुरू झालं. बहात्तराव्या वर्षी बाईचा हा उत्साह पाहून मला, खरं सांगते, थोडी लाजच वाटली. मी आपली तिकिटं आणि रजेचे अर्ज यांतच अडकले होते.

तिकिटांचा बेत मी फार हुशारीनं आखला, असं मला वाटत होतं. जबलपूरहून नागपूर, तिथून विमानानं चेन्नई आणि चेन्नईहून अंदमान. नागपूरला आईंची सख्खी धाकटी बहीण राहते. एक मुक्काम मावशींकडे करायचा, म्हणजे एका दगडात दोन पक्षी. मावशी आमच्यावर रुसल्या होत्या. त्यांच्या मुलाच्या लग्नाला आई गेल्या नव्हत्या, नातवाच्या बारशालाही नाही. दर वेळी कारण एकच, गुडघे.

जेवताना मी हे सगळं मोठ्या तोऱ्यात सांगितलं. आईंनी भाताचा घास ताटात परत ठेवला.

"मग तुम्ही या जाऊन," त्या म्हणाल्या. "माझे गुडघे दुखून राहिले आजकाल."

माझं डोकं तापायला वेळ लागत नाही. हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे, मलाही. सकाळी ही बाई गच्चीवर वीस फेऱ्या घालते आणि आता गुडघे? मी म्हटलं, "आई, तुमचे गुडघे फक्त नागपूरचं नाव काढलं की दुखतात काय?"

नवरा पाण्याचा पेला हातात धरून माझ्याकडे बघत राहिला. आई उठल्या. ताट उचललं, स्वतः घासलं आणि खोलीत गेल्या. दुसऱ्या दिवशी गच्चीवरच्या फेऱ्या बंद. पोरगी प्रोजेक्टचं काही सांगायला गेली तर म्हणाल्या, "तू बघून ये, मग मला सांग." ते ऐकून पोरीचा चेहरा उतरला आणि मला माझाच राग आला. पण तोंडातून गेलेला शब्द, तो काही परत येतो थोडाच.

तीन-चार दिवस असेच गेले. रविवारी मी स्वयंपाकघरात पोळ्या लाटत होते. बाहेर टेबलावर पोरीचा शाळेचा नकाशा उघडलेला आणि आई त्यावर चष्मा लावून वाकलेल्या. मला त्या दिसत होत्या, त्यांचं माझ्याकडे लक्ष नव्हतं.

"कलकत्त्यावरून गेलं तर नर्मदा आडवी येते काय ग?"

"नाही आजी. नर्मदा तर इथे अमरकंटकला शुरू होते ना. अपन तिच्या वरच्या बाजूनंच निघून जाऊ. बघ, जबलपूर, कटनी, मग सीधे कलकत्ता. तिथून समुंदर."

"आणि समुद्रावरून खाली गेलं तर?"

"समुंदरमध्ये नदी थोडीच असते, आजी."

आईंनी बोट ठेवलं आणि जबलपूरपासून कलकत्त्यापर्यंत, तिथून पाण्यातून बेटापर्यंत हळूहळू फिरवलं. मग परत पहिल्यापासून. तव्यावरची पोळी जळली. मी गॅस बंद करून बाहेर आले आणि त्यांच्या शेजारी बसले.

सासरे निवृत्त झाल्यावर दोघांनी नर्मदा परिक्रमा उचलली होती. ग्वारीघाटावर संकल्प करून निघाले आणि दर हिवाळ्यात थोडं थोडं चालायचे. जिथं थांबायचे तिथून बसनं घरी यायचे, पुढच्या खेपेला तिथूनच पुढे. नदी सतत उजव्या हाताला ठेवायची आणि परिक्रमा पूर्ण होईपर्यंत ती ओलांडायची नाही, हा नियम. मंडल्यापर्यंत पोचले होते. मग एका सकाळी बाबा चहा घेता घेताच गेले. त्याला सहा वर्षं झाली. बाबा गेले तशी परिक्रमाही संपली, असं मी गृहीत धरलं. कोणी विचारलंच नाही. नागपूरला जायचं तर रस्त्यानं जा नाहीतर रेल्वेनं, नर्मदेचा पूल आलाच. सहा वर्षं ही बाई गुडघ्यांवर सगळं ढकलत बसली, सख्ख्या बहिणीचा रुसवा सोसत बसली, आणि एका घरात राहून मला पत्ता नव्हता.

"आई, मला सांगितलं काहून नाही?"

"काय सांगू? तुम्ही म्हटलं असतं, चला, पूर्ण करून टाकू."

मी नेमकं तेच म्हणणार होते. आजकाल बसनं पंधरा-वीस दिवसांत परिक्रमा होते, गुडघ्यांना त्रासही नाही. तरी मी म्हणालेच, "मग करू ना पूर्ण. मी रजा घेते. मी येते तुमच्यासोबत."

त्यांनी चष्मा काढला आणि पदरानं पुसत बसल्या.

"त्यांचं बाकी सगळं मी पूर्ण करून टाकलं ग. पेन्शनचे कागद झाले, वर्षश्राद्ध झालं, कपडे वाटून झाले. दोघांनी मिळून सुरू केलेलं एवढं एकच अर्धं आहे. हे राहू दे."

मी त्यांचा हात धरला आणि रडले. त्या रडल्या नाहीत, उलट मलाच म्हणाल्या, "जा, पोळ्या कर, पोरगी भुकेली आहे."

सोमवारी लंच टाइममध्ये मी तिकिटांच्या एजंटकडे गेले. म्हटलं, भैया, नागपूर रद्द करा, हावड्याच्या गाडीनं कलकत्त्याला जायचं आणि तिथून विमान. तो वैतागला. म्हणाला, "मॅडम, नागपूर से आराम रहेगा, बुज़ुर्ग भी साथ हैं. कलकत्ता क्यों?"

"घरवाले नर्मदाजी पार नहीं कर सकते."

तो जबलपूरचाच माणूस. त्याचा हात कीबोर्डवर थांबला आणि आवाज खाली आला. "अच्छा, परकम्मा उठाई है? किसने?"

"सास-ससुर ने," मी म्हटलं.

"दोनों की चल रही है अभी?"

"हाँ," मी म्हटलं. "दोनों की चल रही है."