पौष्टिकाचा हट्ट

आमच्या घरी हिवाळा माझ्या ताब्यात असे. पाठदुखीसाठी मी अमरावतीतल्या एका म्हाताऱ्या वैद्यांकडे जायला लागलो आणि त्यांच्या ओट्यावर बसून ऐकता ऐकता थंडीचं सगळं शास्त्र आपल्याला कळलं, असं मला वाटू लागलं. हेमंतात पोटातला अग्नी जोरात असतो. त्याला जड, तुपातलं, गोड द्यावं. नाही दिलं तर तो अंगातलंच खातो. रोज तिळाचं तेल चोळावं, हलकं आणि पातळ खाऊ नये. बायको म्हणायची, "अर्ध्या हळकुंडानं पिवळे झाले तुमी." पण दिवाळी सरली की डिंक, खारीक, मेथीचे लाडू वळायला तीच बसायची, आणि घरात कोणाला सर्दी झाली नाही की श्रेय मी घ्यायचो.

तीन वर्षांपूर्वी थंडीच्या सुरुवातीला बाबा माझ्याकडे राहायला आले. भातकुलीजवळ त्यांनी जन्मभर मेथी, पालक, सांबार म्हणजे कोथिंबीर, असा भाजीपाला पिकवला आणि गार पाण्यात जुड्या धुऊन अमरावतीच्या बाजारात विकला. आई गेल्यापासून ते एकटेच रांधून खात. आले तेव्हा सदरा खांद्यावरून लोंबत होता. एकट्या माणसाचं जेवण ते काय असणार, असं मी समजलो. या हिवाळ्यात भरून काढू, म्हटलं.

वैद्यांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "त्यांना खावंसं वाटतं का, ते आधी विचारा. आणि एकदा घेऊन या." मी नेलं नाही. थंडीत भूक लागणारच, ती विचारायची कशाला?

रोज सकाळी तेल, मग कोमट पाण्याची अंघोळ, मग लाडू. जेवायला तुरीच्या सोल्यांची, म्हणजे ओल्या दाण्यांची भाजी आणि भाकरीवर तूप. बाबा लाडूचा चुरा करून दुधात कालवत आणि अर्धाअधिक झाला की वाटी सरकवत. एकदा म्हणाले, "उद्या मले ताकातल्या कण्या देजो." ज्वारी भरडून शिजवायची आणि वर ताक ओतायचं, एवढंच ते खाणं.

"हिवाळ्यात कण्या अन् ताक? वात वाढते, बाबा."

"बरं," ते म्हणाले.

दोन दिवसांनी त्यांनी कढी मागितली. मग डाळीच्या वरचं नुसतं पाणी. हे ते सुनेला हळूच सांगत, आणि ती करायला उठली की मी तिला अडवी. "लेकरावानी नखरे करून राहिले," असं मी तिला म्हणालो, ते त्यांनी ऐकलं. त्यानंतर त्यांनी काही मागितलं नाही.

मग लाडू संपेपर्यंत मी समोर बसू लागलो. ते डोळे मिटून खूप वेळ चावत आणि घासागणिक पाण्याचा घोट घेत. जेवताना एवढं पाणी पिऊ नये, अग्नी मंदावतो, हे मला पाठ होतं. मी गिलास उचलून बाजूला ठेवायचो. हे लिहिताना मला माझीच किळस येते.

संक्रांतीला धाकटी बहीण त्यांना अकोल्याला घेऊन गेली. चौथ्या दिवशी तिचा फोन आला. "दादा, बाबाच्या गळ्याखाली घास उतरून नाही राहिला. पाणी बी अडकते. तुले दिसलं नाही काय?"

दोन महिने मी त्यांच्या तोंडाकडेच तर पाहत होतो.

दवाखान्यात आत दुर्बीण घालून पाहिलं. अन्ननलिकेत गाठ होती आणि ती पसरली होती. गाठ जुनी आहे, दोन महिन्यांनी फार फरक पडला नसता, असं डॉक्टर म्हणाले. ते खरं होतं की माझी समजूत घातली, मला ठाऊक नाही. आयुष्य वाढलं नसतं असं धरलं, तरी ते दोन महिने बाबा माझ्या घरी भरल्या ताटासमोर उपाशी होते, आणि ते माझ्यामुळे.

होळीच्या आधीच ते गेले. त्याच्या आठवडाभर आधी एका दुपारी मी अकोल्याला त्यांच्या खाटेशी बसलो होतो. नाकातून नळी घातलेली होती, त्यातून बहीण दूध सोडत होती. ती भांडं धुवायला गेली तेव्हा मी विचारलं, "बाबा, त्रास होता तर मले सांगतलं काहून नाही?" माझा आवाज चढला होता. थोडी तरी चूक त्यांची निघावी, असं मला वाटत होतं.

त्यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. राग नव्हता. मला समजावून सांगायला हवं, असं काहीसं होतं.

"सांगतच तं होतो," ते म्हणाले. "पातळ दे, पातळ दे, म्हणत होतो न बाप्पा तुले."