बादलीतल्या गुठळ्या
पुण्यात माझं काम टिकलं ते धायरीच्या एका ताईंमुळे, हे आधी सांगते. भांडी घासायच्या साबणाचा लिंबाचा वास आला की अजून त्याच आठवतात. नववीत शाळा सुटली आणि वाशीमहून येऊन मी एका छोट्या कारखान्यात लागले. पातळ साबण घट्ट करायची सेल्युलोजची पांढरी पावडर हाताने पाण्यात कालवायचं काम होतं, आणि माझ्या बादलीत रोज गुठळ्या. शेजारी ताईंची बादली मात्र काचेसारखी नितळ. बघून माझ्या पोटात दुखायचं. एकदा मालक म्हणाले, “आम्ही साबण विकतो, साबुदाणा नाही. आज परत गुठळी दिसली, तर आपण गावी जायला मोकळ्या.” मी घाईघाईने सगळी पावडर एकदम बादलीत ओतायला गेले. ताईंनी माझं मनगटच धरलं. “अगं, ओतू नगंस. रांगोळीवानी चिमटीतनं सोड, आन् दुसरा हात फिरवत ऱ्हा.” त्या दिवशी एकही गुठळी झाली नाही. “ताई, हे तुम्हीच केलंत ना?” मालकांनी विचारलं. “छे, तिनं केलं,” म्हणून त्या आपल्या कामाला लागल्याही. मी वाचले, तरी जळलेच. दुसऱ्याला मोठं करणं या बाईला इतकं सोपं कसं जातं? आज नव्या मुली मलाच ताई म्हणतात, पण तो हेवा काही गेलेला नाही. त्या ताईंचे उपकार मी अशाच एखाद्या नव्या मुलीला मोठं करून कधीतरी फेडणारच, आणि तेव्हा मलाही ते तितकंच सोपं जावं.