मी त्याला एन्काच गा म्हणाले

जपानमध्ये म्हाताऱ्या माणसांची सेवा करण्याचं काम मिळेल, म्हणून मी कुरुंद्याला घरी बसून मोबाइलवर जपानी शिकत होते. माझे वडील, अण्णा, वारले आणि माझं जाणं राहिलं. आई एकटी पडली असती. भाषा मात्र सुटली नाही, ती एका गायकामुळे.

तो तिकडच्या एका बंदराच्या गावचा. पन्नाशीचा असेल. दिवसा मासळी बाजारात काम करायचा आणि दर रविवारी स्वतःच्या चॅनलवर थेट गायचा. आपल्याकडे तेव्हा दुपारचे चार वाजलेले असत. तो एन्का गायचा. ही जपान्यांची जुन्या वळणाची, दुःखाची गाणी. शब्द लांबवत, गळ्यात आवाज थरथरवत गातात. ऐकणारे आम्ही तीस-चाळीस जण.

अण्णांच्या तेराव्यापर्यंत मी रडले नव्हते. पाहुणे, स्वयंपाक, सगळं माझ्याच अंगावर होतं. नंतरच्या रविवारी शेतातल्या आखाड्यावर, जनावरांच्या गोठ्यापाशी एकटी बसून त्याचं गाणं लावलं आणि हुंदकाच फुटला. मग दर रविवारी तेच. माझं रडणं मी त्याच्यावर सोपवून टाकलं होतं.

एका रविवारी तो म्हणाला, "इतकी वर्षं एन्काच गायलो. आता जरा दुसरं गाऊन बघतो. पॉप, थोडं रॉकसुद्धा. चालेल ना?" आणि त्यानं मान डोलवत एक हलकंफुलकं गाणं सुरू केलं.

मला राग आला. सुतकाच्या घरात कुणी शीळ घालावी तसं वाटलं. मी लिहिलं, "असली गाणी कुणीही गाईल. आम्ही एन्कासाठी येतो. तुम्ही तेच गा." व्याकरण दोनदा तपासून मग पाठवलं.

त्यानं गाणं मध्येच थांबवून माझी ओळ मोठ्यानं वाचली. "भारतातून, इतक्या लांबून कुणी ऐकतंय. ऐकायला हवं त्यांचं," म्हणाला आणि वाकून नमस्कार केला. पुढच्या रविवारपासून पुन्हा एन्का.

थोड्या आठवड्यांनी त्याचा आवाज फाटू लागला. मग चॅनल बंदच पडलं. दोन महिने वाट पाहून मी चॅनलवर दिलेल्या ईमेलवर पत्र लिहिलं. उत्तर त्याच्या बायकोनं पाठवलं. गळ्यात गाठी झाल्या होत्या. एन्का सोडा, गायचंच तर हलकं गा, असं डॉक्टरनं आधीच सांगितलं होतं. ऐकणाऱ्यांना हे सांगायची त्याला लाज वाटली. आता शस्त्रक्रिया झाली आहे, बोलतो, गाण्याचं काही सांगता येत नाही. "तो स्वतःच्या हट्टानं गायला, मनाला लावून घेऊ नका," असंही तिनं लिहिलं होतं.

"काहून रडून राहिली?" आईनं विचारलं. मी सगळं सांगितलं.

"मंग त्यानं सांगायचं न्हाई का, गळ्याला तकलीफ हाय म्हणून?"

"सांगायला मी जागा कुठं ठेवली, आई?"

तिनं पदरानं माझे डोळे पुसले. मग म्हणाली, "माफी माग. बराबर माग, उगं वरवर नको."

मी मागितली. चार दिवसांनी त्याचंच उत्तर आलं, एका ओळीचं. "ते हलकं गाणं तुम्हाला खरंच आवडलं नव्हतं का?"

मी ती चित्रफीत शोधून पुन्हा पाहिली. दीड मिनिट तो अगदी मजेत गातो, मग माझं वाचायला थांबतो.

"आवडलं होतं," मी लिहिलं. ते खरं होतं. त्या रविवारीही खरंच होतं.