पाण्याची पाळी

बाजारात नवा बैठा खेळ आला, की मी तो आणतो आणि पहिल्या डावात कसा वाटला ते लिहितो. परवा बारामतीच्या एसटी स्टँडवर इंदापूरची गाडी लागेना, म्हणून बाकावरच शेतीच्या नव्या खेळाचं खोकं उघडलं. शेजारी पणदऱ्याला निघालेले एक आबा बसले होते. त्यांनी पुठ्ठ्याची म्हैस उचलून उलटीपालटी केली आणि विचारलं, "दूध किती देती?"

मी त्यांना खेळायलाच बसवलं. पाण्याचं कार्ड टाकलं की ऊस वाढतो, नाहीतर वाळतो. ज्याचा ऊस आधी तयार, तो जिंकला. आबा बोटाला थुंकी लावून कार्ड उचलायचे. शेवटी दोघांच्याही उसाला आणखी एकच पाणी हवं होतं, आणि कार्ड फक्त आबांकडं होतं. त्यांनी ते माझ्या उसापुढं ठेवलं.

"आबा, असं देता येत नाही. तुम्ही हराल."

"आमच्याकडं कालव्याच्या पाण्याची पाळी बदलून घेत्यात. आज माझं पाणी तुमी घ्या, पुढल्या पाळीला तुमचं मला. तुमचा ऊस वाळताना बघत मी हितं जिंकत बसू व्हय?"

त्याच पाण्यावर मी जिंकलो. दुसरा डाव मांडणार, तोच पणदऱ्याची गाडी लागली. खिडकीतून ते ओरडले, "पुढली पाळी माझी हाय!"

घरी येऊन लिहिलं: पुठ्ठा जाड, चित्रं झकास, नियम सोपे. खोट एकच, यात शेजाऱ्याला पाणी देता येत नाही.