अंधाराची वर्गणी

जयनगरात दारोदार फिरून अंधाराची वर्गणी मागणारा माणूस एकच, आणि ते आमचे घरमालक. त्यांच्यापासून मी एक गोष्ट लपवली आहे, जी बायकोलाही कधी सांगितली नाही. गल्ली त्यांना अण्णा म्हणते. घराणं पिढ्यान्‌पिढ्या इथलं, मराठी कानडीत भिजलेली, आणि जीव गच्चीवरच्या दुर्बिणीत. थंडीत तिला शाल पांघरवून स्वतः कुडकुडत बसतात. गेल्या वर्षी एक धूमकेतू मोजक्याच संध्याकाळी, सूर्यास्तानंतर थोडा वेळ दिसणार होता. त्याचा एक स्वच्छ फोटो हवा म्हणून अण्णा कडबोळ्यांचं ताट घेऊन घरोघर निघाले. "अक्का, स्वल्प वेळ गच्चीवरचा दिवा बंद करा की." समोरच्या अक्का म्हणाल्या, "दिवेलागणीला दिवा मालवू? लक्ष्मी यायची वेळ, अण्णा." "तिला वाट पाठ आहे हो. हा पाहुणा नवा आहे." कडबोळी खाऊन गल्लीनं दिवे मालवले. मीही मालवले.

पहिला फोटो त्यांनी मला दाखवला. धूमकेतूवर तिरकी पांढरी रेघ. "बघा, कुणीतरी याची मुंज लावली," अण्णा म्हणाले. पृथ्वीजवळून फिरणाऱ्या उपग्रहाची रेघ ती. आपल्याकडे अंधारलं तरी तिथं वर ऊन असतं, म्हणून असे उपग्रह चमकतात. दुसऱ्या दिवशी दोन जानवी, तिसऱ्या दिवशी तर सामुदायिक मुंज. "यांच्या मालकाचा पत्ता मिळाला, तर त्याच्या घरीही ताट घेऊन जाईन," ते म्हणाले. मी त्यांचंच कडबोळं चघळत होतो.

अण्णांना मी सांगितलंय की मी कॉम्प्युटरमध्ये आहे, आणि घरी मी ऑफिसचं बोलतच नाही. इंदिरानगरच्या आमच्या ऑफिसात हेच उपग्रह तयार होतात. रेघेची वेळ आणि दिशा पाहताच ती आमची आहे हे मी ओळखलं. खालची बाजू काळी केली तर चमक कमी होईल, असं मीटिंगमध्ये एका मुलीनं सुचवलं होतं. "उपग्रह तापेल, उशीर होईल," म्हणून ते मोडून काढणारा मीच.

शेवटच्या संध्याकाळीही रेघ आलीच. अण्णा रागावले नाहीत. दुर्बिणीचं झाकण लावत म्हणाले, "सरी, ठीक आहे, जाऊ दे. हा परत येईल तेव्हा ना मी, ना तुम्ही. चला, कॉफी घेऊ." मी घेतली, आणि साखर बरोबर आहे एवढंच बोललो. तेव्हापासून दुर्बीण जिन्याखालच्या कपाटात आहे, आणि अण्णा संध्याकाळी नुसतेच गच्चीवर जाऊन उभे राहतात.

वर जाऊन त्यांना खरं सांगणं आणि ऑफिसात तो काळ्या रंगाचा विषय पुन्हा काढणं, एवढं मी अण्णांचं देणं लागतो. दोन्ही अजून राहिलं आहे.